सैल चौकट

पोळ्याच्या दिवशी जितेंद्रपुढे दोन कामं होती. पहिलं, आकाशातलं एक आणि जमिनीवरची दोन अशी तीन यंत्रं धानाच्या शेतात मिळून कसं काम करतात, ते पुण्याहून येणाऱ्या सत्यवती मॅडमना दाखवायचं. दुसरं, मिनलला एक वाक्य सांगायचं. वाक्य अगदी छोटं होतं, 'मिनल, तू पुन्याले नको जाऊ.' पहिल्या कामाची त्याला मुळीच काळजी नव्हती.

मिनलला मॅडमच्या कंपनीने पुण्याला बोलावलं होतं आणि येणार की नाही, ते तिने आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. म्हणजे जितेंद्रकडे संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता. तसा त्याच्याकडे वर्षभर वेळ होता म्हणा! तेव्हा वाक्य वेगळं होतं, एवढंच. पण हा गडी वर्षभर मनातल्या मनात बोलायचा, मनातल्या मनातच मिनल 'बरं' म्हणायची, मग दोघं मनातल्या मनात तर्री-पोहे खायला जायची आणि पहिला घास तोंडात जातो न जातो तोच कोणीतरी खरोखरची हाक मारायचं. स्वप्नं बघण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या नागपुरात सापडला नसता.

दोघं वामनरावांच्या लहानशा कंपनीत होती. जितेंद्रकडे आकाश आणि मिनलकडे जमीन, अशी कामाची वाटणी होती. आकाशातल्या ड्रोनचं नाव 'पाखरू' आणि खालच्या दोन बुटक्या गाड्या म्हणजे 'थोरलं कासव' आणि 'धाकटं कासव'. ही नावं जितेंद्रच्या पंचफुलामामीने ठेवलेली. कुहीजवळ तिच्या आणि शालिकमामाच्या शेतातच वर्षभर सगळ्या चाचण्या चालल्या होत्या. कासवांना फक्त नाकापुढचं दिसे. पाखरू वरून सगळं शेत बघे, कुठे धान पिवळं पडलंय ते हेरे आणि कोणत्या बांधावरून जायचं, कुठे फवारायचं, ते कासवांना कळवे. तिघांना एक नियम मात्र पक्का शिकवला होता. टोळी पांगली, तर बाकी सगळं सोडून आधी एकत्र जमायचं. पाखराने गाडी शोधून तिच्यावर घिरट्या घालायच्या आणि कासवांनी पाखराच्या खाली येऊन उभं राहायचं.

आता वरून गाडी ओळखायची, तर पाखराला गाडी म्हणजे काय ते आधी शिकवायला नको का? ते काम जितेंद्रचं. पाखराने काढलेले फोटो संगणकावर घ्यायचे, प्रत्येक फोटोत गाडीभोवती माऊसने एक चौकट ओढायची आणि खाली लिहायचं, 'गाडी'. असे हजारो फोटो दाखवले की पाखरू शहाणं होतं. चौकट मात्र गाडीला अगदी घट्ट बसली पाहिजे. ती एकाने काढायची आणि दुसऱ्याने तपासायची, असा वामनरावांचा दंडक होता. तपासणाऱ्याचं नावही ते कोणाला कळू देत नसत, कारण त्यांच्या मते नाव कळलं की पोट्टे चहा पाजून चौकटी पास करून घेतात.

जितेंद्रच्या चौकटी जरा सैल पडत. त्याचं असं होई, की थोरलं कासव दर थोड्या वेळाने चिखलात रुतायचं आणि मिनल त्याला ढकलत असायची. नागपूरच्या उन्हात मुली बांधतात तसा तिने डोक्या-तोंडाला पिवळ्या-लाल चौकड्यांचा स्कार्फ गुंडाळलेला असायचा. जितेंद्र चौकट ओढायला गाडीच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायचा, ओढता ओढता त्याची तंद्री लागायची आणि तंद्री उतरायची तेव्हा चौकटीत गाडीही असायची आणि मिनलही. पुसून नव्याने काढायला हवी, हे त्याला कळत होतं. पण तिला चौकटीच्या बाहेर काढायचं त्याच्या जिवावर यायचं. शिवाय तपासणाऱ्याकडून प्रत्येक चौकट हिरवी खूण घेऊन परत येत होती, मग कशाला उगाच हात लावा?

आजच्या तारखेवरून सकाळीच मामाच्या घरात वाजलं होतं. तारीख मॅडमनी ठरवलेली. त्यांच्याकडचा बैलांचा सण, बेंदूर, केव्हाच होऊन गेला होता आणि इथे आज पोळा आहे, हे त्यांना सांगायची वामनरावांची छाती झाली नव्हती.

"आज मशिनी चालवतं? पोळ्याले?" पंचफुलामामीने कंबरेवर हात ठेवले. "अरे, त्या कासवाईनं सालभर आपल्या वावरात काम केलं. आज कोनाच्या मानेवर जू नसते, मंग त्याइच्याच काहून?"

"त्याइले मानच नाई, मामी."

"तुले तरी कोठी हाय? सालभर त्या पोरीसमोर वर करून पाह्यली का?"

मामीने तर आदल्या संध्याकाळीच कमाल केली होती. बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळून झाल्यावर ती तीच वाटी घेऊन कासवांकडे गेली आणि त्यांच्या पत्र्याच्या पाठीवर हळद-तूप चोळत बैलांना म्हणतात तेच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ते तूप पुसता पुसता जितेंद्रचे दोन रुमाल वाया गेले होते.

दुपारी बैल सजायला लागले. मामाच्या जोडीतला पांढराशुभ्र चांद्या मामीचा जीव की प्राण. शिंगांना रंग लागला, बेगड चढली, गळ्यात घुंगरांची माळ आली. मामीने पेटीतून चांद्याची झूल काढली आणि बघते तर काय, उंदरांनी झुलीची पार चाळण केलेली! मामीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता माह्या चांद्यानं काय उघड्या पाठीनं पोळ्यात जावं का वं?"

मिनलने एक क्षण विचार केला आणि डोक्याचा स्कार्फ सोडला. चांगला लांबरुंद होता तो. तिने तो चांद्याच्या पाठीवर पसरला आणि त्याची टोकं दोरीत खोचली. "राहू द्या, मामी. माही आठवन राहीन."

आठवण राहील! जितेंद्रने ते नेमकं ऐकलं. आठवण ठेवून जातं कोण? जो जाणार असतो तोच ना? म्हणजे हिचं ठरलंच! आता तरी बोल बाबा, असं त्याने स्वतःला दटावलं आणि तो दोन पावलं पुढे गेला.

"मिनल..."

"काय गा?"

"तू... तू... पु..."

"काय पु?"

"पुरनाचा वास येऊन राहिला बम."

मिनलने त्याच्याकडे नीट बघितलं. काहीतरी म्हणणार होती, पण तेवढ्यात बांधावरून वामनरावांचा आवाज आला, "अबे जितेंद्र! मॅडम आल्या ना बे! चल लवकर!"

मॅडमसाठी ताडपत्रीचा मांडव घातला होता आणि आत मोठा पडदा लावला होता. पाखराला वरून जे दिसेल, ते पडद्यावर सगळ्यांना दिसणार होतं. जितेंद्रने पाखरू उडवलं. ते उंच गेलं आणि खाली हिरवंगार धान पसरत गेलं. मधून पाण्याचे आरसे चमकत होते, त्यांत ढग हळूहळू सरकत होते आणि बांधाच्या बारीक रेघांवर बगळे बसले होते. जितेंद्रला नेहमी वाटायचं, माणसाने आयुष्य एवढ्या उंचीवरूनच जगावं, कोणाला काही सांगावं लागत नाही. तो पुन्हा तंद्रीत गेला. मनातल्या बांधावर तो आणि मिनल पाण्यात पाय सोडून बसलेच होते, इतक्यात मॅडमनी विचारलं, "ही दोन कासवं अशी समोर उभी आहेत आणि पडद्यावर 'गाडी सापडली नाही' असं का येतंय?"

खरंच की. पाखरू कासवांच्या डोक्यावर होतं. कासवं स्वच्छ, कोरडी आणि एकटी उभी होती. पाखराने त्यांना एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि ओळख दाखवली नाही. त्याच्या लेखी टोळी पांगली होती. ते नियमाप्रमाणे सगळं सोडून गाडी शोधायला निघालं.

गाडी त्याला लगेच सापडली. शालिकमामा जोडी घेऊन गावाकडे चालला होता आणि चांद्याच्या पाठीवर पिवळ्या-लाल चौकड्या उन्हात झळकत होत्या. पडद्यावर चांद्याभोवती टपकन हिरवी चौकट उमटली आणि खाली अक्षरं आली, 'गाडी. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.'

"जितेंद्र," मिनल हातातल्या यंत्राकडे बघत म्हणाली, "माही कासवं कोठी चालली?"

कासवं गावाकडे चालली होती. पाखरू चांद्यावर घिरट्या घालत होतं, म्हणजे जमायचं तिथेच. थोरलं पुढे, धाकटं मागे, दोघं बांधावरून उतरून गाडीवाटेला लागलीसुद्धा.

"बंद कर, मिनल. बंद कर!"

"खबरदार!" वामनराव दातओठ खात कुजबुजले. "मॅडमचं तोंड पाह्य आधी."

मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. "अरे वा! रस्त्यानेही जातात? शेताबाहेरही एकमेकांना धरून राहतात? हे तर तुमच्या कागदांत नव्हतं, वामनराव!"

"हो, मॅडम," वामनराव हात चोळत म्हणाले, "हा आमचा ग्रामीण मोड. तुमच्यासाठी राखून ठेवला होता." मग जितेंद्रकडे वळून हळूच, "आता बंद केलं तं पाहून घेईन तुले."

झालं! पुढे बैलजोडी, तिच्यामागे कासवजोडी, वर पाखरू आणि मागून मॅडम, वामनराव, मिनल आणि जितेंद्र, अशी सगळी मिरवणूक गावात शिरली. मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली गावातल्या जोड्या ओळीने उभ्या होत्या आणि डफडं वाजत होतं. चांद्या आपल्या जागी उभा राहिला. कासवं आली आणि त्याच्या शेजारी, अगदी ओळीत, येऊन थांबली. डफडं वाजवणाऱ्याचे हात थांबले. सगळं गाव बघत राहिलं.

गावात झडत्या म्हणण्यात ताराचंदचा पहिला नंबर. पोळ्याला बैलांसमोर तो तिथल्या तिथे जुळवून मोठ्याने झडती म्हणायचा आणि लोक 'हर हर महादेव' करायचे. कासवं बघून त्याला स्फुरण चढलं नसतं तरच नवल. त्याने कानावर हात ठेवला.

"वर फिरते पाखरू, खाली चरते वासरू,
कासवाची जोडी म्हने, आमाले नोका इसरू!
हर बोला, हर हर महादेव!"

गाव गरजलं. शालिकमामा आधी ओशाळला, मग त्याची छाती फुगली. "दोन जोड्या हायेत आपल्या," तो शेजारच्याला म्हणाला. आणि गर्दीतून वाट काढत पंचफुलामामी ओवाळणीचं ताट घेऊन आली. तिला यात नवल असं काही वाटलंच नव्हतं.

"येतीनच ना. काल आवतन देल्लं होतं मी."

तिने चांद्याला ओवाळलं, त्याच्या जोडीदाराला ओवाळलं, मग थोरल्या आणि धाकट्या कासवालाही कुंकू लावून ओवाळलं आणि दोघांपुढे एक-एक पुरणपोळी ठेवली. मॅडम भराभर फोटो काढत होत्या. वामनरावांना पुण्याचा करार डोळ्यांपुढे दिसत होता. एवढ्यावर सगळं थांबतं, तर कोणाला काही कळलंच नसतं.

पण पुरणपोळी दिसल्यावर चांद्याला राहवेना. त्याने मान खाली घालून अंगाला असा हिसका दिला, की दोरीतला स्कार्फ सुटून धुळीत पडला. मिनलने तो उचलला, झटकला आणि पुन्हा नीट बांधून द्यायच्या आधी, ऊन लागत होतं म्हणून, वर्षभराच्या सवयीने आपल्याच डोक्याला गुंडाळला.

पाखरू चांद्याला सोडून मिनलच्या डोक्यावर आलं. दोन्ही कासवं जागच्या जागी वळली, पुरणपोळ्या चाकांखाली चिरडत निघाली आणि मिनलच्या पुढ्यात येऊन शिस्तीत उभी राहिली. मांडवातल्या पडद्यावरचंच मॅडमच्या हातातल्या टॅबवरही दिसत होतं, तिथे मिनलभोवती हिरवी चौकट उमटली. 'गाडी. खात्री शंभर टक्के.'

मॅडमनी टॅबकडे बघितलं, मिनलकडे बघितलं, चांद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बाईंची सगळी हयात याच कामात गेली होती, त्यांना कोण फसवणार? "वामनराव, याला शिकवलेले फोटो उघडा. आत्ता. इथेच."

फोटो उघडले. मॅडमच्या एका खांद्यावरून वामनराव वाकले, दुसऱ्यावरून मामी आणि मागून जमेल तेवढं गाव. पहिला फोटो, चौकटीत गाडी आणि मिनल. दुसरा, चौकटीत मिनल आणि अर्धी गाडी. तिसरा, चौकटीत मिनल आणि गाडीचं एक चाक. मॅडम पुढे सरकवत गेल्या. एका फोटोत मिनल बांधावर बसून डबा खात होती. तिच्याभोवती सुबक चौकट होती, खाली लिहिलं होतं 'गाडी', आणि गाडीचा पत्ताच नव्हता.

"ह्या चौकटी कोणी काढल्या?"

जितेंद्रला वाटलं, आत्ता पाखराने आपल्याला उचलून कुठेतरी दूर, अंभोऱ्याच्या पलीकडे नेऊन सोडावं. पण पाखराला तसलं काही शिकवलेलं नव्हतं. "मी," तो म्हणाला.

"सगळ्या?"

"सगळ्या." त्याचे कान लाल झाले होते. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती आणि त्याहून वाईट म्हणजे मिनलकडे बघायची हिंमत होत नव्हती. आता ही जाणार, आणि जाताना आपल्याविषयी काय मनात घेऊन जाणार?

"आणि तपासल्या कोणी?" मॅडमचा आवाज चढला. "एकही चूक पकडली नाही? सगळ्यांना हिरवी खूण? कोण आहे हा आंधळा माणूस?"

वामनराव छताकडे बघावं तसे आभाळाकडे बघायला लागले. नाव सांगायचं नाही, हा त्यांचाच दंडक. डफडंवाला वाजवायचं विसरला होता. आणि मग स्कार्फच्या आतून आवाज आला.

"मी, मॅडम."

जितेंद्रने मान वर केली. मामी नंतर सगळ्यांना सांगायची, की तिने मोजून वर्षाने ती वर झालेली बघितली.

"तुला चुका दिसल्या नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"दिसल्या ना."

"मग?"

मिनलने स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळलं. "मले वाटलं, हा आज बोलन, उद्या बोलन. म्हून मी पास करत गेली. चौकट मोठी मोठी होत गेली, पन हा काई बोलेच ना! पुन्याचं सांगतलं, तं म्हने पुरनाचा वास येऊन राहिला!"

सगळं गाव जितेंद्रकडे बघत होतं. बैलसुद्धा बघत असावेत. आता बोलला नसता, तर मामीने आरतीचं ताटच त्याच्या डोक्यात घातलं असतं. त्याने डोळे घट्ट मिटले आणि एका दमात वाक्य म्हणून टाकलं. "तू पुन्याले नको जाऊ!"

"अरे भैताडा," मामी ओरडली, "कासवाले काहून सांगून राहिला? तिले सांग ना!"

जितेंद्रने डोळे उघडले. तो खरंच थोरल्या कासवासमोर उभा होता. तो वळला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला, या वेळी डोळे उघडे ठेवून, मिनलकडे बघून, आणि शेवटी स्वतःच्याच पदरचं "मले करमनार नाई" हेही जोडलं. ते वाक्य त्याने कधीच पाठ केलेलं नव्हतं.

ताराचंदने पुन्हा कानावर हात नेला, पण शालिकमामाने त्याचं तोंड दाबून धरलं.

मॅडम टॅब मिटत म्हणाल्या, "तुमच्या यंत्रांचा ताळमेळ उत्तम आहे, वामनराव. तिघंही सांगितल्या शब्दाबाहेर जात नाहीत. फक्त कशाभोवती जमायचं, ते त्यांना नीट शिकवा. सगळ्या चौकटी पहिल्यापासून काढा. मी दिवाळीनंतर पुन्हा येईन." मग मिनलकडे वळून, "आणि तुझं उत्तर?"

"मॅडम, सगळ्या पुन्हा काढायच्या म्हटलं, तं तपासाले कोनी लागन ना?"

मॅडमनी कपाळावर हात मारला, पण हसल्या. मामीने त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात नागपूरच्या ऑफिसात जितेंद्र संगणकासमोर बसला आणि जुना पहिलाच फोटो उघडला. थोरलं कासव चिखलात, शेजारी मिनल. त्याने मन घट्ट केलं, तंद्री लागू दिली नाही आणि गाडीभोवती अशी नेमकी चौकट ओढली, की वामनरावांनी भिंतीवर लावावी. आयुष्यातली पहिली बिनचूक चौकट तपासायला पाठवून त्याने चहा मागवला.

चहा यायच्या आधी चौकट परत आली. लाल खूण होती आणि खाली शेरा होता, 'अन मी?'

जितेंद्रने पलीकडच्या टेबलाकडे बघितलं. मिनल अत्यंत गंभीर चेहऱ्याने पडद्यात डोकं घालून बसली होती. मग त्याने त्याच फोटोत दुसरी चौकट काढली, वेगळी, फक्त तिच्याभोवती. संगणकाने लगेच खाली रिकामी जागा उघडली आणि विचारलं, 'हे काय आहे?' जितेंद्रने बोटं कळांवर ठेवली. काय लिहावं? एकेक शब्द मनात येत गेला, दर शब्दाबरोबर एकेक वर्ष पुढे सरकत गेलं, कुठे तर्री-पोहे, कुठे कुहीच्या बांधावरची संध्याकाळ, आणि चहा टेबलावर गार होत राहिला.

"लिही ना गा लवकर," पलीकडून मिनल म्हणाली. "मले तपासाचं हाय."